फोर्कचं सील शाबूत होतं, सदा

सदा, सात वाजत आले आणि केतकी अजून घरी आलेली नाही.

लांज्याच्या काजू कारखान्यातून ती पाचला सुटते. पाली, हातखंबा करत सव्वासहाला आमच्या चढावर तिच्या गाडीचा आवाज येतो. सव्वासहा ते साडेसहा ही माझी रोजची घाबरण्याची वेळ, तुला ठाऊक आहे. साडेसहा झाले की मी तुला फोन करायचो. काळजी करू नकोस, असं तू एकदाही म्हणाला नाहीस. तू चौकशी करायचास.

"हेल्मेटचा पट्टा लावून गेली?"

"हो."

"बूट होते की चपला?"

"बूट."

"मग गप बस. पालीला चहा पीत असेल. तू पण पी."

आज साडेसहाला सवयीनं तुझा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत बंद केला. तो फोन आता वहिनींपाशी, पूर्णगडला असतो. तुला जाऊन सोळा दिवस झाले. फोन ठेवला आणि कागद ओढला.

आजची भीती रोजच्यासारखी नाही. आज सकाळी मी माझ्या मुलीला सांगून टाकलं. गेल्या मे महिन्यात तिच्या गाडीचा पुढचा ब्रेक लागला नाही, त्यात तुझी काही चूक नव्हती. चूक तिच्या बापाची होती, आणि तू ती स्वतःच्या अंगावर घेतलीस. नऊ महिने तू मला 'सांग' म्हणत होतास. सांगितलं, तेव्हा ऐकायला तू नाहीस.

हेल्मेट हातात धरून तिनं सगळं ऐकून घेतलं. हेल्मेट चढवलं, काच खाली ओढली, निघून गेली. काचेमागचा चेहरा दिसत नाही, ही हेल्मेटची गैरसोय तुझ्या व्याख्यानांत कधी आली नव्हती. पाचनंतर दोनदा फोन केला. उचलला नाही. चालवताना फोन उचलायचा नाही, हेही तूच शिकवलेलं. त्यामुळे न उचलणं म्हणजे राग, की रस्ता, की तिसरंच काही, हे मला कळायला मार्ग नाही. त्या तिसऱ्याचं नाव मी या कागदावर लिहिणार नाही.

ही गाडी आली तेव्हाचं तुला आठवत असेल. तीन वर्षं झाली. केतकीनं ती मला न विचारता घेतली. मी तिला तुझ्याकडे आणलं, ते तू तिचं मन वळवशील म्हणून. शाळेत आपण एका बाकावर बसलो. दहावीनंतर मी पुस्तकांत शिरलो. तू आधी पूर्णगडच्या बोटींच्या इंजिनांत आणि मग रत्नागिरीत येऊन गॅरेजात. पण माझ्या मनातलं तुला न सांगता कळायचं. त्या दिवशीही कळलं असणार. तू गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्यास. काळी, टोकदार गाडी. तिच्यावर पुढे असं वाकून बसायचं, की मागून बघणाऱ्याला वाटावं, याचं टाकीवर काहीतरी सांडलंय आणि तो ते शोधतोय. मी आशेनं तुझ्याकडे बघत होतो.

"गाडी चांगली आहे," तू म्हणालास. "आता बाय कशी आहे ते बघू."

मग आठवडाभर किल्ली तुझ्या खिशात. "चालवायच्या आधी ढकलायला शीक गो," असं म्हणून तू तिला बंद गाडी गॅरेजच्या आवारात ढकलायला लावलीस. डावीकडे वळव, उजवीकडे वळव, उलटी घे. तिसऱ्या दिवशी तू ती हळूच जुन्या टायरांवर आडवी केलीस आणि म्हणालास, "उचल." तिला उचलेना.

"हातांनी नाय, पायांनी. पाठ लाव सीटला, गुडघ्यांत वाक, आणि मागे मागे चालत ये."

पाचव्या खेपेला गाडी उभी राहिली. केतकी धापा टाकत होती.

"कळली केवढी आहे ती? इथे तू तिला उचललीस. रस्त्यावर ती तुला उचलून टाकेल. हे लक्षात ठेवून बस."

मी तुला बाजूला घेऊन म्हटलं, "सद्या, तुला तिला घाबरवायला सांगितलं होतं."

"घाबरवलीच की. पण कशाला घाबरायचं ते दाखवून घाबरवली. तू मेल्या नुसताच घाबरतोस."

हा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. तुझं म्हणणं, भीतीला काम द्यावं. हवा तपास, साखळी बघ, ब्रेक दाबून बघ, म्हणजे ती कामात राहते. माझं म्हणणं, भीती ही सुशिक्षित माणसाची अवस्था आहे, तिला कामाला लावणं कमीपणाचं. मी हे गंमतीत म्हणायचो. आत्ता या घटकेला माझ्या भीतीला काही काम नाही, सदा, आणि ती घरभर फिरते आहे.

एका रविवारी तू आमच्याकडे निव्वळ गाडी कुठे लावायची ते ठरवायला आलास. आमच्या अंगणातून रस्त्यापर्यंत जांभ्या चिऱ्यांचा उतार आहे, तीसेक पावलांचा. तू तो चालून आलास, वर उभा राहून खाली बघितलंस, आणि पहिलं वाक्य बोललास ते असं.

"नारळाखाली नाय."

"नारळ काय रोज पडतो?"

"रोज कशाला पडायला हवा?"

मग तू जागा नक्की केलीस. कुंपणाच्या कडेला, तोंड चढाकडे, पहिला गियर टाकून, हँडल डावीकडे वळवून लॉक. स्टँडखाली चिऱ्याचा सपाट तुकडा, नाहीतर पावसाळ्यात माती मऊ झाली की स्टँड आत रुततो आणि गाडी लवंडते. खालचा पातेरा रोज झाडायचा, कारण तापलेल्या सायलेन्सरखाली सुकी पानं नकोत. आणि गाडी निवल्याशिवाय वर कापड टाकायचं नाही. मी म्हटलं, एवढ्या बारकाईनं तर आमच्या वडिलांनी देवघराची जागा ठरवली नव्हती. तू म्हणालास, "देव पडत नाय."

त्याच दिवशी तू तिला तो नियम दिलास. सकाळी गाडीचं तोंड उताराकडे वळवलं की खाली सुटायच्या आधी, वरच, दोन्ही ब्रेक दाबून बघायचे. पुढचा वेगळा, मागचा वेगळा.

"काल लागले होते म्हणून आज लागतील असं धरायचं नाय, बाय."

पुढे दोन महिने दर रविवारी तू तिला पावसच्या रस्त्यानं न्यायचास, तू तुझ्या जुनाट गाडीवर पुढे, ती मागे. मासळीच्या टेम्पोतून गळणारं पाणी वळणावर कसं दिसतं, ते उतरून दाखवायचास. वळताना नजर रस्ता संपतो तिथे ठेव, चाकापुढे नको. समुद्राकाठी गाडी उभी केली असेल तर घरी येऊन गोड्या पाण्यानं धू, पुसून कोरडी कर आणि साखळीला वंगण दे, कारण खारी हवा रात्रभर काम करते. केतकी घरी येऊन हे मला सांगायची आणि मी दोन पुस्तकांच्या मध्ये मान हलवायचो. त्यातलं 'खारी हवा लोखंड खाते' एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. पुरेसं शिकलेल्या माणसाचं असंच होतं. त्याला अर्धं वाक्य ऐकलं तरी विषय समजल्यासारखा वाटतो.

दसऱ्याची तुझी पूजा मला आवडायची नाही, हे मी दर वर्षी येऊन, पेढा खाऊन, सांगत असे. पान्ह्यांना गंध, कॉम्प्रेसरला झेंडूची माळ. यंत्राला कशाचा आला आहे भक्तिभाव, असं माझं भाषण. तू ऐकून घ्यायचास आणि गिऱ्हाइकांच्या बायकांवर ओरडायचास. "कुंकू टाकीला लावा. चाकाच्या त्या चकतीला बोट नाय लावायचं! हार हँडलला नको, काढा तो, केबलीत अडकेल." मला तेव्हा ते विनोदी वाटलं. तुझ्या पूजेत चकतीला बोट लागलं नाही, आणि माझ्या बुद्धिवादात काय लागलं ते बघ.

आपल्याकडे पावसाच्या तोंडावर घरातल्या लोखंडाला खोबरेल लावतात. कोयता, विळी, कड्या, बिजागऱ्या, कुलपं, खिडक्यांचे गज. आमच्याकडे आई लावायची, मग बायको लावायची. ती गेल्यापासून सहा वर्षं मी लावतो. गेल्या मेमध्येही एका संध्याकाळी वाटीत खोबरेल आणि हातात धोतराचा तुकडा घेऊन मी निघालो. फाटकाची कडी झाली आणि शेजारी गाडी उभी होती. दोनच दिवसांपूर्वी तू सर्व्हिसिंग करून दिलेली. आदल्या दिवशी केतकीनं धुतली होती. पुढच्या चाकाच्या त्या चकचकीत भोकाभोकांच्या चकतीवर तांबूस गंजाची पुसट रेघ आली होती. माझ्या मनात आलं, एवढ्या सर्व्हिसिंग करतात आणि साधं तेलाचं बोट कोणी लावत नाही.

मी लावलं. दोन्ही बाजूंनी, चाक पुढे-मागे करून, एक जागा न सोडता. आणि सांगायला लाज वाटते, प्रेमानं लावलं. ती गाडी आल्यापासून तिला मी पहिल्यांदा प्रेमानं हात लावला होता.

सकाळी सव्वाआठला ती निघाली. मी ओसरीवर होतो. तिनं गाडी वळवली, तोंड उताराकडे केलं, आणि तुझ्या नियमाप्रमाणे पुढचा ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. हळूहळू, अगदी शांतपणे, उतरायला लागली. केतकीनं मागचा ब्रेक दाबला. पण भार सगळा पुढे, मागचं चाक चिऱ्यांवरून फरफटत निघालं. तेव्हा तिनं हँडल वळवून गाडी जास्वंदीच्या कुंपणात घातली आणि स्वतः दुसऱ्या बाजूला उडी टाकली. हे सगळं मी चष्मा न पुसता बघितलं. खाली फाटक उघडं होतं. फाटकाबाहेर रस्ता, रस्त्याला लागून वळण, आणि त्या वळणावरून त्याच क्षणी सव्वाआठची एसटी हॉर्न देत गेली.

तिचा गुडघा सोलवटला होता. आरसा फुटला होता, ब्रेकची दांडी वाकली होती. ती उठून उभी राहिली आणि तिनं पहिला फोन तुला केला. मला हाक मारली नाही. बरोबरच होतं.

तू वीस मिनिटांत आलास. उकिडवा बसलास. चकतीवरून बोट फिरवलंस, बोट नाकाशी नेलंस. मग तुझी नजर ओसरीच्या कठड्याकडे गेली. तिथे वाटी होती, वाटीत तो तुकडा. मग तू माझ्याकडे बघितलंस. चाळीस वर्षं मी मुलांना शोकांतिका शिकवल्या. नायकाला आपली चूक उमगते तो क्षण फळ्यावर रेघ मारून दाखवला. तो क्षण असा असतो हे मला माहीत नव्हतं. एक खोबरेलाची वाटी आणि मित्राची नजर, एवढंच असतं.

"काय झालं, काका?" केतकीनं विचारलं.

तू उठलास, हात पुसलेस. "फोर्कचं सील गेलंय. ह्या पुढच्या दोन नळ्या आहेत ना, त्यांतलं तेल खाली उतरलं. सर्व्हिसिंगलाच बघायला हवं होतं मी. नजरेतून सुटलं."

"सुटलं?" ती म्हणाली. तिचा आवाज मला अजून ऐकू येतो. "काका, खाली एसटी होती."

"हां बाय. चुकलंच माझं."

सील शाबूत होतं. तरी तू ते बदललंस, खोटं खरं दिसावं म्हणून. ब्रेकचे पॅड जिला दाबून धरतात ती चकती धुतलीस, तेल प्यायलेले पॅड काढून नवे घातलेस. केतकीनं आभार मानले आणि त्यानंतर गाडी तुझ्याकडे आणली नाही. कोल्हापूरला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यायला लागली. रविवारी एकत्र भटकणाऱ्यांचा तिचा व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आहे, त्यावर तिनं लिहिलं की सदाकाकांच्या नजरेतून माझं फोर्कचं सील सुटलं, आपापल्या गाड्या तपासून घ्या. त्यात द्वेष नव्हता. तूच शिकवलं होतंस, धोका दिसला की मागच्याला हात दाखवायचा. त्या ग्रुपमधले सहाजण तुझ्याकडे यायचे बंद झाले. मी तुला हे घाबरत सांगितलं, तर तू म्हणालास, "बरं केलं तिनं. तपासून तरी घेतील."

त्या आठवड्यात मी तुझ्या गॅरेजात आलो. बाकावर बसलो. बराच वेळ तू एका स्कूटरचं चाक फिरवत होतास.

"तू का असं सांगितलंस?" मी विचारलं.

"माझ्यावर रागावली तर दुसऱ्या गॅरेजात जाईल. तुझ्यावर रागावली तर कुठे जाईल?" मग चाक थांबवून म्हणालास, "पण हे कायमचं नाय हां, प्रोफेसर. तिचा गुडघा बरा झाला की तू सांगायचंस."

गुडघा दहा दिवसांत बरा झाला. मी सांगितलं नाही. गणपतीत तू आरतीला आलास, जाताना पायरीवर विचारलंस, "सांगितलंस?" मी म्हटलं, बघू. दिवाळीत विचारलंस. भात कापून झालं तेव्हा विचारलंस. शेवटी शेवटी तू विचारायचाही नाहीस, नुसती भुवई वर करायचास आणि मी चहाचा विषय काढायचो.

तुला मी कारणं खूप सांगितली. खरं कारण सांगितलं नव्हतं, ते आज सांगतो. ही गाडी विकून टाक, असं मी तिला तीन वर्षांत इतक्या वेळा म्हटलं होतं. एकदा जेवताना असंही म्हणालो होतो की ही गाडी एकदाची मोडली तर मी सत्यनारायण घालीन. तेही मी, ज्यानं आयुष्यात सत्यनारायणाची टवाळी केली. आता मी जाऊन सांगायचं, की ब्रेकला तेल मी लावलं? तिला एक क्षणभर जरी वाटलं असतं की बाबांनी हे मुद्दाम केलं, तर तो एक क्षण मला पुरला असता. मला तिच्या रागाची भीती नव्हती, सदा. तिच्या डोळ्यांत तो हिशेब जुळताना बघायची भीती होती.

आणि मग तू गेलास. वहिनी सांगतात, चहा पिऊन कप ठेवलास, 'जरा पडतो' म्हणालास. एवढंच. उताराआधी ब्रेक तपासून बघायला शिकवणाऱ्या माणसानं स्वतःच्या छातीतली कळ महिनाभर कोणाला सांगितली नाही, हे डॉक्टरांकडून कळलं. यावर मी तुझ्याशी भांडणार होतो. भांडायला समोर कोणी नाही.

तुझी शोकसभा तुला आवडली नसती. फ्लेक्सवर तू मध्ये आणि भोवती अठरा नेते, त्यातले काही तुझ्यापेक्षा मोठे छापलेले. त्यांनी तुला 'यंत्रमहर्षी' केलं. सभेआधी तुझ्या स्मरणार्थ मोटरसायकल रॅली निघाली. पन्नासेक गाड्या, एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही, कारण व्हिडिओत चेहरे दिसायला हवे होते. एकाच्या गाडीच्या पुढच्या चाकात झेंडूची पाकळी अडकलेली मी बघितली आणि हसू आलं. शेजारच्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याला वाटलं, रडतोय.

मलाही बोलायला लावलं. बालमित्र आणि त्यातून मराठीचा प्राध्यापक. मी आठ मिनिटं बोललो. श्रमाची प्रतिष्ठा वगैरे. लोकांनी डोळे पुसले. आयुष्यभर मी भपक्याला हसत आलो, आणि त्या हॉलमधलं सगळ्यांत पोकळ भाषण माझं होतं, कारण बाकीच्यांना निदान लपवायला काही नव्हतं. शेवटच्या रांगेत केतकी उभी होती.

घरी चालत येताना ती म्हणाली, "बाबा, काका तेव्हाच आजारी असणार."

"कधी?"

"मेमध्ये. त्यांच्या नजरेतून काही सुटणं शक्य आहे का? माझ्या कसं लक्षात आलं नाही? त्यांना डॉक्टरकडे न्यायला हवं होतं आणि मी रागावून कोल्हापूरला जात बसले."

ती रस्त्यात उभी राहून रडली, सदा. तू अंगावर घेतलेली चूक आता तिच्या अंगावर आली होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तोच हात. आणि तरीही त्या दिवशी बोललो नाही. आणखी सहा दिवस गेले. ती रोज सकाळी वर थांबून दोन्ही ब्रेक दाबून बघायची आणि मी ओसरीवरून ते बघायचो. आज सकाळी तिनं पुढचा ब्रेक दाबला, मान खाली घालून क्षणभर तशीच थांबली, आणि मला कळलं की ती तुझा विचार करते आहे. मी हाक मारली. म्हटलं, इंजिन बंद कर.

सव्वासात. आता मी फाटकापर्यंत तीनदा जाऊन आलो. लांज्याला तिच्या कारखान्यात फोन केला. पाचलाच गेल्या, असं रखवालदार म्हणाला. पोलिसांना किती वाजता फोन करतात, हे मला माहीत नाही. कोणाला विचारायचं, तेही नाही. रस्त्यावरून एक गाडी गेली, तिची नव्हती. दुसरी गेली. थांब.

सदा, ती आली.

आवाज उलट बाजूनं आला, भाट्याच्या पुलाकडून. म्हणून आधी मला ओळखताच आला नाही. तिनं गाडी जागेवर लावली, हेल्मेट काढलं. चेहरा धुळीनं लाल. मी उंबऱ्यात उभा होतो, आणि एवढा वेळ जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं गेली.

"कुठे होतीस?"

"पूर्णगडला. काकूंकडे."

"त्यांना... सांगितलंस?"

"त्यांना माहीत होतं. काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, वर शपथ घातली होती." ती बूट काढत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "म्हणाल्या, बापाला म्हणावं आता तरी नीट झोप."

मी तिथेच पायरीवर बसलो. म्हटलं, जे काय व्हायचं ते होऊ दे. "केतकी, तुला असं वाटलं का, की मी ते मुद्दाम..."

तिनं दुसरा बूट काढून ठेवला.

"सकाळी जाताना, हातखंब्यापर्यंत वाटलं," ती म्हणाली.

"मग?"

"मग आठवलं, पुढचा ब्रेक हातानं लागतो की पायानं, हे अजून तुम्हाला माहीत नाही. मुद्दाम करायला थोडं तरी कळावं लागतं."

ती हसली नाही. मीही नाही. पण ती येऊन माझ्या शेजारी बसली, आणि हातखंब्यापर्यंतचे ते दहा-बारा किलोमीटर तिनं एकटीनं कसे काढले असतील, ते मला विचारता आलं नाही. मग तिनं फोन काढला. त्या रविवारच्या ग्रुपवर पाठवायचा मजकूर तिनं पूर्णगडलाच लिहून ठेवला होता. मला वाचायला दिला. 'मेमध्ये मी सदाकाकांबद्दल लिहिलं ते चुकीचं होतं. फोर्कचं सील ठीक होतं. माझ्या बाबांनी ब्रेकच्या डिस्कला खोबरेल लावलं होतं. काकांनी त्यांच्यासाठी चूक स्वतःवर घेतली.'

"बाबांचं नाव राहू देऊ?" तिनं विचारलं.

"राहू दे."

"मग बटण तुम्ही दाबा."

दाबलं, सदा. फोन तिनं खालून धरला होता.

पहिलं उत्तर लगेच आलं. 'खोबरेल घाण्याचं होतं का, सर?' मग हसणारे चेहरे आले, दहा-बारा. उद्या दुपारपर्यंत सगळ्या रत्नागिरीला कळेल. मग कोणीतरी हात जोडलेलं चित्र टाकलं. मग तुझ्याकडे यायचे थांबलेल्या त्या सहाजणांपैकी एकानं लिहिलं, 'मी त्यांच्याकडे जाणं सोडलं होतं. रस्त्यात भेटले तेव्हा त्यांनीच विचारलं, साखळी बघतोस ना वेळच्या वेळी.'